मुलींचं डाएटिंग, वजन आणि खाण्याचे विकार : अभ्यास काय सांगतात?

अनुस्वार

वजन कमी करण्याच्या धाग्यांवर अधूनमधून हा प्रश्न येतो : "मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिच्यासाठी कुठलं डाएट चांगलं?" खाली भराभर उत्तरं येतात. कुणी रात्रीचं जेवण बंद करायला सांगतं, कुणी ठरावीक तासच खायला, कुणी पिष्टमय पदार्थ पूर्ण वर्ज्य करायला. आहार आणि वर्तन या विषयावरचे अभ्यास वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. या प्रश्नाचं उत्तर एका प्रतिसादात मावत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

आधीच एक विनंती. कुणीही स्वतःचं वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) किंवा किती कॅलरी खाता ते आकडे इथे लिहू नका. खाण्याच्या विकारांशी झगडणारी माणसं असे धागे वाचतात, आणि दुसऱ्याचा आकडा त्यांना गाठायचं लक्ष्य वाटू लागतो.

माझं म्हणणं असं : वाढत्या वयातल्या मुलींनी स्वतःच्या मनाने केलेल्या डाएटने वजन आटोक्यात राहत नाही, बऱ्याच जणींचं उलट वाढतं. आणि खाण्याचे विकार पुष्कळदा अशाच एखाद्या साध्याशा डाएटपासून सुरू होतात. म्हणून घरच्यांनी काट्यावरच्या आकड्यापेक्षा मुलगी कशी खाते, कशाला घाबरते, काय लपवते हे बघावं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात जॉर्ज पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २,००० शाळकरी मुलामुलींचा तीन वर्षं पाठपुरावा केला. तो अभ्यास १९९९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. कडक डाएट करणाऱ्या मुलींना पुढच्या सहा महिन्यांत खाण्याचा विकार जडण्याची शक्यता डाएट न करणाऱ्या मुलींच्या १८ पट निघाली, मध्यम डाएट करणाऱ्यांची ५ पट. १८ हा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण मला त्यातलं दुसरंच काही जास्त महत्त्वाचं वाटतं. कडक डाएट करणाऱ्या मुली थोड्या असतात, मध्यम करणाऱ्या खूप. त्यामुळे नव्याने आजारी पडलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुली या मध्यम गटातल्या होत्या. ज्या डाएटला घरात कुणी हरकत घेत नाही, उलट ज्याचं कौतुकच होतं, तेच डाएट.

दुसरा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या मिनेसोटाचा, 'प्रोजेक्ट ईट'. डायन न्यूमार्क-स्टाइनर यांच्या नेतृत्वाखाली १९९८-९९मध्ये ४,७४६ किशोरवयीन मुलामुलींपासून तो सुरू झाला आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मोठेपणीही पुन्हा पुन्हा गाठून प्रश्न विचारले गेले. पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मुली आणि सुमारे एक तृतीयांश मुलगे वजनासाठी जेवण चुकवणं, उपाशी राहणं, अगदीच थोडं खाणं असे मार्ग वापरत होते. पाच वर्षांनी पाहिलं, मग दहा वर्षांनी पाहिलं. हे मार्ग वापरणाऱ्यांचा बीएमआय न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त वाढला होता. ज्यासाठी एवढा जिवाचा आटापिटा केला, तेच हाती लागलं नाही.

असं का होतं हे समजून घ्यायला १९४४-४५मध्ये जावं लागतं. मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे सगळे सदसद्विवेकाला स्मरून युद्धात लढायला नकार दिलेले स्वयंसेवक होते. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधणं हा हेतू होता. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांश घटलं. पण नोंदी वाचताना अंगावर काटा येतो तो त्यांच्या वागण्यामुळे. ते दिवसभर अन्नाचाच विचार करायचे. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. एक ताट संपवायला ते कितीतरी वेळ लावायचे. त्यांना थंडी सहन होईना, ते चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले, खिन्न झाले. पुरेसं अन्न मिळू लागल्यावर काही जण पोट तुडुंब भरूनही खात राहिले, तरी तृप्ती येईना. यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. म्हणजे ज्या वागण्याला आपण मुलीचा हट्टीपणा किंवा नाटक म्हणतो, त्यातलं बरंचसं निव्वळ उपासमारीतून येतं.

याची शारीरिक बाजूही आता कळली आहे. प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांचा २०११चा अभ्यास लठ्ठ प्रौढांवरचा आहे. दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन घटलं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं, आणि वर्षभराने तपासलं तरी हे बदल पूर्ववत झाले नव्हते. इतका काळ शरीर भूक लावत राहतं आणि आपण त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणत बसतो.

शंकेखोर

चांगला धागा. पण एक मूलभूत शंका. ज्या मुलीचा कल मुळातच वजन वाढण्याकडे आहे, तीच डाएट करायला जाणार. पावसाळी दिवशी छत्र्या जास्त दिसतात म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असं म्हणत नाही. पॅटन यांच्या अभ्यासातही तेच. ज्या मुलीच्या मनात आजाराची सुरुवात झालेली आहे, तिचं कडक डाएट हे कारण नसून पहिलं लक्षण असू शकतं.

अनुस्वार

शंकेखोर, शंका अगदी रास्त आहे. या क्षेत्रातला सगळ्यात जुना वाद हाच.

वजनापुरतं बोलायचं तर फिनलंडमध्ये जुळ्यांवर झालेला अभ्यास बघा (पिएटिलाइनेन आणि सहकारी, २०१२). साधारण सोळाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत चार हजारांहून जास्त जुळ्या व्यक्ती. मुद्दाम वजन घटवण्याचे प्रयत्न जितके जास्त वेळा, तितकी पुढची वाढ जास्त. एकबीज जुळ्यांमध्ये, म्हणजे जनुकं एकच असताना, डाएट केलेलं भावंड पंचविशीत न केलेल्यापेक्षा किंचित जड निघालं. फरक अर्धा किलोहूनही कमी होता, तो फुगवून सांगणार नाही. संशोधकांनीही म्हटलंय की जनुकांचा वाटा आहेच, पण डाएटचा स्वतःचाही थोडा परिणाम दिसतो.

आजाराच्या बाबतीत तुमची शंका आणखी जोरकस ठरते. एरिक स्टाइस यांच्या गटाने तरुणींना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं आणि एका गटाला मध्यम, आखून दिलेला कमी कॅलरींचा आहार दिला. बुलिमिया, म्हणजे ताबा सुटून खायचं आणि मग उलटी काढून किंवा उपाशी राहून त्याची भरपाई करायची, या आजाराची लक्षणं वाढली नाहीत, कमी झाली. २०१९मध्ये जबील आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ मुलांवरच्या उपचारांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालेल्या उपचारांनंतर विस्कटलेल्या खाण्याची लक्षणं घटलेली दिसली.

म्हणून मी "स्वतःच्या मनाने केलेलं डाएट" असं लिहिलं. नियमित जेवणं, पोटभर अन्न, कुणीतरी जाणकार लक्ष ठेवून आहे, ही एक गोष्ट. दुपारचा डबा तसाच परत आणायचा, संध्याकाळपर्यंत तग धरायचा, मग रात्री एकटीने स्वयंपाकघरात उभ्याने खायचं आणि त्याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहायचं, ही दुसरी. प्रश्नावलीत दोघी "हो, मी डाएट करते" यावरच खूण करतात. पुष्कळ उलटसुलट निष्कर्ष इथूनच येतात असं माझं मत आहे.

कातरवेळ

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दवाखान्यात जे दिसतं त्यावरून थोडी भर घालतो.

अ‍ॅनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीने खाणं कमालीचं तोडण्याचा आजार) म्हणजे हाडांचा सापळा, हे चित्र डोक्यातून काढून टाका. त्या चित्रामुळे मुली उशिरा येतात. जी मुलगी आधी जाड होती आणि जिचं वजन थोड्या काळात खूप उतरलं, ती आज अगदी "नॉर्मल" दिसते. तिची नाडी मंदावलेली असू शकते, उठून उभं राहिल्यावर रक्तदाब पडू शकतो, रक्तातलं फॉस्फेट घसरू शकतं. याला अ‍ॅटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात, आणि वजन उतरण्याचा वेग व प्रमाण जास्त असेल तर धोका कृश मुलीइतकाच असतो. अशा मुलीला वर्गात, घरात, कधीकधी डॉक्टरकडेसुद्धा शाबासकी मिळालेली असते.

पाळीबद्दल. २०१३पर्यंत अ‍ॅनोरेक्सियाच्या निदानात पाळी थांबणं ही अट होती. डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ती काढली, कारण पाळी चालू असणाऱ्या मुलीही तितक्याच आजारी असू शकतात. पण पाळी थांबली असेल तर ती धोक्याची सूचनाच समजा. शरीराला ऊर्जा पुरत नाही म्हणून मेंदू पाळीचे संदेश बंद करतो, इस्ट्रोजेन घटतं, आणि ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती भरायची राहतात. मुलींच्या हाडांची बहुतांश भरण विशीच्या आत होऊन जाते. नंतर वजन परत आलं तरी ती तूट पूर्ण भरून येतेच असं नाही. खेळाडू आणि नर्तिका मुलींच्या पालकांनी तर पाळीची नोंद ठेवाच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये खेळातल्या ऊर्जेच्या कमतरतेवर स्वतंत्र निवेदन काढलं, त्यात मुलगेही धरले आहेत.

आणखी दोन गटांवर माझं खास लक्ष असतं. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा विकार) असलेल्या मुली, कारण त्यांना दर भेटीत "वजन कमी कर" एवढंच ऐकवलं जातं आणि त्यांच्यात बिंज ईटिंगचं, म्हणजे ताबा सुटून भरमसाट खाण्याचं, प्रमाण जास्त आढळतं. आणि टाइप १ मधुमेह असलेल्या मुली. वजनाच्या भीतीने इन्सुलिनचा डोस टाळला जातोय अशी जराही शंका आली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हा आजार जीवघेणा आहे हे स्पष्टच लिहितो. २०११मध्ये आर्सेलस आणि सहकाऱ्यांनी ३६ अभ्यास एकत्र केले. अ‍ॅनोरेक्सिया असलेल्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या जवळपास सहापट होता, आणि अशा मृत्यूंपैकी दर पाचातला एक आत्महत्येने झालेला होता.

पानगळ

कातरवेळ यांचा शाबासकीचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं. मी यातून गेले आहे, आता बरी आहे.

आजारपणातला सगळ्यात कौतुकाचा काळ तो सुरुवातीचा होता. नातेवाईक, मैत्रिणी, शिक्षिका, सगळ्यांनी विचारलं, "काय केलंस गं?" त्या प्रत्येक प्रश्नाने मला वाटायचं की आता थांबता येणार नाही. थांबले तर हे सगळे पुन्हा पहिल्यासारखं बघतील. मला कुणी जाड म्हणून चिडवलं तेव्हा जितकं लागलं, त्याहून जास्त काळ मी या कौतुकाला घाबरून राहिले.

आणि बरं होताना? "आता छान भरलीस" हे वाक्य. म्हणणाऱ्याला आनंदच झालेला असतो, मला माहीत आहे. पण मी त्या रात्री जेवले नव्हते. बरी होत असलेल्या मुलीच्या शरीराबद्दल काहीही बोलू नका, चांगलंसुद्धा. तिच्याशी अभ्यासाबद्दल बोला, काल पाहिलेल्या मॅचबद्दल बोला.

वर मिनेसोटाच्या पुरुषांबद्दल वाचून रडू आलं. मीही तासन्तास पाककृतींचे व्हिडिओ बघायचे आणि स्वतःला वेडी समजायचे. ते भुकेमुळे होतं हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

रानवाट

पानगळ, लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार.

मला वाटतं हे सगळं सोशल मीडियाचं पाप आहे. मोबाइल काढून घेतला की निम्मा प्रश्न सुटेल.

अनुस्वार

रानवाट, माध्यमांचा हात आहे, यात वाद नाही. अ‍ॅन बेकर यांचं फिजीमधलं काम प्रसिद्ध आहे. नाद्रोगा भागात १९९५मध्ये टीव्ही नुकताच आला होता, तेव्हा त्यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८मध्ये पुन्हा केली. प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर गुण मिळवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के. भरदार बांधा जिथे कौतुकाचा विषय होता, त्या समाजात तीन वर्षांत हे घडलं. गट लहान होते, दोन्ही वेळा साठ-पासष्ट मुली, आणि दोन्ही वेळा मुली वेगवेगळ्या होत्या, हेही ध्यानात ठेवायला हवं.

पण मग टीव्ही बघणारी प्रत्येक मुलगी आजारी का पडत नाही? २०१९मध्ये अ‍ॅनोरेक्सियाच्या जवळपास १७,००० रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात जनुकसंचातल्या आजाराशी निगडित आठ जागा सापडल्या, आणि संबंध मानसिक आजारांशी तसाच चयापचयाशीही दिसला. म्हणजे काही मुलींचं शरीरच ऊर्जेच्या तुटवड्याला वेगळा प्रतिसाद देत असावं. ज्या डाएटमधून एक मैत्रीण आठवड्याभरात कंटाळून बाहेर पडते, त्यात दुसरी अडकते. कोण अडकणार हे आधी ओळखता येत नाही. सरसकट सगळ्यांना डाएटच्या गोष्टी सांगू नयेत असं मी म्हणते ते याचसाठी.

मोबाइलबद्दल : कॅनडात १७ ते २५ वयाच्या, चिंता-नैराश्याची लक्षणं असलेल्या २२० तरुणांवर एक प्रयोग झाला (२०२३). अर्ध्या गटाने तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला सुमारे तासाभरावर आणला. त्यांना स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरं वाटू लागलं. तेव्हा वेळ कमी करणं उपयोगाचं. हिसकावून घेण्याने मात्र लपवणं वाढेल अशी मला भीती वाटते.

सह्यकडा

मुलग्यांबद्दलही कुणीतरी बोला. जिममध्ये रोज बघतो. अंगाने पिळदार असलेली मुलं "मी अजून बारीकच आहे" म्हणून आरशासमोरून हलत नाहीत. ताटातला प्रत्येक घास मोजतात, मित्रांबरोबर जेवायला येत नाहीत. घरचे म्हणतात पोरगा किती शिस्तीचा.

कातरवेळ

सह्यकडा, याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात. हॅरिसन पोप यांनी १९९७मध्ये हे नाव दिलं. पालकांच्या मनात खाण्याचा विकार म्हणजे मुलींचा आजार, त्यामुळे मुलगे फार उशिरा येतात. २०२३मध्ये १६ देशांतल्या ३२ अभ्यासांचा आढावा आला, ६३,०००हून जास्त मुलं. विस्कटलेल्या खाण्याची लक्षणं मुलींमध्ये सुमारे ३० टक्के आणि मुलग्यांमध्ये १७ टक्के. हे निदान नव्हे, चाळणी प्रश्नावलीतली लक्षणं आहेत. तरी १७ टक्के म्हणजे वर्गात साधारण सहा मुलग्यांमागे एक.

मृद्गंध

नेहमी वाचनमात्र असते. आज राहवलं नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची. तीन-चार महिन्यांपासून आमच्याबरोबर जेवत नाही. "मैत्रिणीकडे खाऊन आले," "पोट बिघडलंय," रोज नवं कारण. सैल कपडे घालते. जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते. वजन अगदी व्यवस्थित आहे, त्यामुळे घरात सगळे मला म्हणतात की तू उगाच घाबरतेस. तिच्याशी बोलायचं तर काय बोलायचं? आणि मी बोलल्याने तिच्या डोक्यात नसलेलंही येईल का?

पानगळ

मृद्गंधताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. बोला. विचारल्याने हा आजार होत नाही. जेवणाच्या ताटावर नको, आणि सगळ्यांसमोर नको. गाडीतून जाताना, शेजारी बसून. "तू खात नाहीस" असं सुरू केलंत तर ती वाद घालेल. "गेले काही दिवस तू खूप दमलेली आणि एकटी वाटतेस, मला काळजी वाटते" असं म्हणून बघा. ती चिडेल. मीही चिडले होते. पण आईला दिसतंय, हे मला त्या दिवशी कळलं.

अनुस्वार

ताई, पानगळ म्हणतेय ते तर कराच. त्याला जोडून काही गोष्टी.

ब्रिटनमध्ये १९९९मध्ये तयार झालेले पाच प्रश्न डॉक्टर चाळणीसाठी वापरतात. पोट नकोसं भरल्यावर मुद्दाम उलटी काढतेस का? किती खातोय यावर ताबा राहिला नाही अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोहून जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना तू स्वतःला जाड समजतेस का? आयुष्यावर अन्नाचंच राज्य आहे असं वाटतं का? दोन उत्तरं "हो" आली तर नीट तपासणी हवी. तुम्ही उलटतपासणी घेतल्यासारखे हे प्रश्न तिला विचारू नका, ते डॉक्टरांना विचारू द्या. बुलिमियात वजन बहुधा नेहमीसारखंच राहतं, त्यामुळे "वजन व्यवस्थित आहे" याने निर्धास्त होऊ नका.

घरात वजनाची चर्चा आजपासून बंद. तुमच्या स्वतःच्या वजनाचीही. जेरिका बर्ज यांच्या २०१३च्या अभ्यासात ज्यांच्या घरी वजनाबद्दल बोललं जाई ती मुलं जास्त डाएट करत होती. ज्या घरात फक्त चांगल्या खाण्याबद्दल बोललं जाई, तिथे हे कमी होतं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६मध्ये डॉक्टरांना आणि पालकांना हेच सांगितलं : डाएटला उत्तेजन नको, वजनावरून बोलणं-चिडवणं नको, जमेल तितक्या वेळा एकत्र जेवा. गंमत म्हणजे ते मार्गदर्शन लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार या दोन्हींसाठी एकच आहे.

निदान काहीही होवो, "आईमुळे झालं" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ते मत कधीच मागे पडलंय. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात आकाराला आलेल्या उपचारात तर आईवडीलच मुलांना पुन्हा खाऊ घालण्याची जबाबदारी घेतात. २०१०च्या एका चाचणीत अ‍ॅनोरेक्सिया असलेली मुलं या पद्धतीने उपचार संपल्यावर वर्षभराने ४९ टक्के पूर्ण बरी होती, एकट्या मुलाशी केलेल्या उपचारात २३ टक्के. बुलिमियासाठीही कुटुंबाला धरून उपचार होतात.

शंकेखोर

मृद्गंधताई, मी वर आकड्यांवरून वाद घातला, पण तुमच्या बाबतीत थांबून पुरावा गोळा करण्यासारखं काही नाही. तुम्ही जे पाहिलंय ते पुरेसं आहे. डॉक्टरांची वेळ घ्या.

मृद्गंध

सगळ्यांचे आभार. घरातले अजून तयार नाहीत, पण मी तिला घेऊन जाणार आहे. कातरवेळ, डॉक्टरांना नेमकं काय सांगू? "वजन ठीक आहे" म्हणून परत पाठवलं तर?

कातरवेळ

ताई, "खाण्याच्या विकाराची शंका आहे आणि जेवणानंतर उलटी काढत असावी असं वाटतं" हे वाक्य जसंच्या तसं सांगा. शक्य असेल तर आधी तुम्ही एकट्या डॉक्टरांशी बोला, तिच्यासमोर सगळी यादी वाचू नका. तिलाही डॉक्टरांशी एकटीने बोलायला वेळ मिळायला हवा.

तपासण्या अशा करायला सांगा : झोपून आणि उभं राहून नाडी आणि रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, साखर. उलट्यांमुळे पोटॅशियम घसरतं आणि त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका. शेवटची पाळी कधी आली ते लिहून न्या. वजन करायचं असेल तर काट्याकडे पाठ करून करता येतं, तशी विनंती करा. दातही बघायला सांगा, आम्लाने आतल्या बाजूची झीज होते. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, साध्या पाण्याने चूळ भरावी, एवढं तिला आजही सांगता येईल.

परत पाठवलं तर दुसरा डॉक्टर गाठा, शक्यतो किशोरवयीन मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ. मधल्या काळात चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, उलटीतून रक्त आलं, किंवा जगणं नको झाल्याचं बोलली, तर वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

पानगळ

ताई, जाऊन आल्यावर इथे लिहायलाच हवं असं नाही. पण लिहावंसं वाटलं तर मी आहे. मला व्यक्तिगत निरोपही पाठवू शकता.